रविनाला आणायला निघालेली गाडी

विठा: थांबा की आता. वाफ येतेय, दिसत नाय काय?

भगवंत: धुकं हाय ते.

विठा: धुकं काय गाडीच्या नाकातून निघतं?

भगवंत: एवढी चढण संपू दे. चढणीवर उभी केली तर परत उचलायची नाय.

विठा: तो काटा बघा. लाल रेघेवर जाऊन बसलाय. तुमीच बोललेलात मला, विठे, काटा वर जायला लागला की सांग, माझं लक्ष रस्त्यावर असतं. मंग सांगतेय.

भगवंत: बरं बाई, घेतली कडेला. बंद पण केली. उतर आता, मागच्या चाकाला दगड लाव. असला बारका नको, मोठा बघ.

विठा: उतरते. हे ओटीचं ताट कुठं ठेवू? नारळ घरंगळतोय.

भगवंत: ठेव सीटवर. लेकीला आणायला निघालोय आणि हिला नारळाचं पडलंय.

विठा: नारळ काय माझ्यासाठी हाय? लावला दगड. आता काय झालंय गाडीला?

भगवंत: तापलीय. आमचा भातगिरणीचा टेम्पो पण असाच तापायचा. त्याला एकच औषध. वरून गार पाणी ओतायचं, फस्सकन आवाज येतो आणि गार पडते. ती कळशी दे इकडं.

विठा: कळशीला हात लावायचा नाय.

भगवंत: अगं, गाडी पेटायची पाळी आलीय.

विठा: ते पाणी रविनाचं हाय. लोकांच्या लेकींना दिवस गेले की चिंचा लागतात, बोरं लागतात. आपल्या पोरीला आपल्या विहिरीचं पाणी लागलं. सासरचं, खरवईच्या नळाचं पाणी घशाखाली उतरत नाय बोलते. पहाटे उठून शेंदलंय मी, वरून फडकं बांधून आणलंय.

भगवंत: मंग मी खालच्या ओढ्याचं आणतो.

विठा: आणा. पण ओतायच्या आधी कुणाला तरी विचारा. उल्हासनगरला कॅम्प दोनमधे तो सांई हाय ना, ज्याच्याकडून तुमी गाडीचं सामान आणता, त्याला लावा फोन.

भगवंत: सांई दुकान उघडल्याशिवाय फोन उचलत नाय. आणि विचारायचं काय त्याच्यात? मला येतं सगळं. आत थर्मोस्टॅट नावाचा एक बारका डबा असतो. तो काढून टाकला की गाडी जन्मात तापत नाय. टेम्पोचा आमी पहिल्याच दिवशी काढला होता.

विठा: आणि त्या टेम्पोचं काय झालं शेवटी?

भगवंत: तो वेगळ्या कारणानं गेला.

विठा: अवो, जळका वास येतोय. तेलाचा नाय. वेगळाच हाय.

भगवंत: येणारच. गरम झालंय सगळं. तू लांब उभी राहा. आणि हे बघ, विहीणबाईंना यातलं अक्षर कळता कामा नये.

विठा: का?

भगवंत: का म्हणजे? दिवाळीत काय बोलल्या होत्या, विसरलीस? तुमच्या गाडीचा भरवसा असेल तर सुनेला माहेरी पाठवते. वाडीतून दवाखान्यापर्यंत यायला एवढा रस्ता, पोरीला दुखायला लागलं आणि गाडी वाटेत उभी राहिली तर काय करायचं, असं तोंडावर विचारलं मला. मी छातीवर हात मारून सांगितलं, गाडी आपली घड्याळासारखी चालते.

विठा: कुठलं घड्याळ? आपल्या भिंतीवरचं? ते गौरीपासून बंद हाय.

भगवंत: तुला थट्टा सुचतेय. आज जेवणवेळेला अमावस्या लागते. अमावस्येत त्या पाठवणार नाहीत. अमावस्या सरली की पोरीला आठवा लागतो, आठव्यात बाईला घरातून हलवत नाहीत. म्हणजे आज आणली तर आणली. नायतर पहिलं बाळंतपण सासरी, आणि तू खरवईला पाहुणी म्हणून जायचंस, खुर्चीवर बसायचंस, चहा पिऊन परत यायचंस.

विठा: माहिती हाय मला. बाळंतिणीची खाट काढून धुऊन ठेवलीय मी. तुमी नका सांगू.

भगवंत: मंग गप राहा. फोन वाजतोय. कुणाचा हाय?

विठा: विहीणबाईंचा.

भगवंत: दे इकडं. हॅलो. हां, बोला विहीणबाई.

सुषमा: भगवंतराव, कुठपर्यंत आलात? इथे वरण झालंय, भाताला लावायचंय. रविना सकाळपासून गॅलरीत उभी आहे. मी म्हटलं, अगं बस, उभी राहून गाडी लवकर येत नाही.

भगवंत: आलोच. इथं पेट्रोल पंपावर हाय. पेट्रोल भरतोय.

सुषमा: पंपावर? बरंच शांत आहे हो पंपावर. पक्षी ओरडताहेत.

भगवंत: नवीन पंप हाय. गर्दी नाय अजून.

विठा: द्या तो फोन.

भगवंत: अगं थांब...

विठा: विहीणबाई, मी विठा बोलतेय. पंप नाय नि काय नाय. आमी बारवीच्या रस्त्याला चढणीवर उभे हाय. गाडी तापलीय. नाकातून वाफ येतेय आणि हे वरून ओढ्याचं पाणी ओतायला निघालेत.

सुषमा: ओतलं का?

विठा: नाय अजून.

सुषमा: ओतू देऊ नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकतं, तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं. इंजिन बंद केलंय ना?

विठा: केलंय.

सुषमा: छान. आता स्पीकर लावा आणि त्यांना पण ऐकू दे. भगवंतराव, बॉनेट उघडलं का?

भगवंत: उघडतोच हाय. आधी ते पाण्याचं झाकण खोलून बघतो.

सुषमा: झाकणाला हात लावायचा नाही. बॉनेट फक्त वाफ कमी झाल्यावर, बाजूला उभं राहून उघडा. आमच्या सोसायटीतल्या जयदेवरावांनी असंच गरम गाडीचं झाकण खोललं होतं. उकळतं पाणी उडालं अंगावर. अजून ते फुल बाह्यांचा शर्ट घालतात, मेमध्ये सुद्धा.

भगवंत: विहीणबाई, मी टेम्पो चालवलेला माणूस हाय.

सुषमा: चालवलाय, माहीत आहे. पण बिघडला की मालकाला फोन करत होतात ना? आता मालक तुम्हीच आहात. मी अंबरनाथच्या कंपनीत अकाउंट्सला होते तेव्हापासून स्वतःची गाडी स्वतः बघते. आमच्या ह्यांना गाडीतलं फक्त गाणं लावता येतं. तेव्हा आज माझं ऐका. सावलीत बसा आणि इंजिन गार होऊ द्या.

भगवंत: पण अमावस्या...

सुषमा: अमावस्या आपल्या वेळेला लागेल. घाई करून इंजिन लवकर गार होत नाही. फोन चालू ठेवा.

(पळसाच्या सावलीत दोघं बसली आहेत. फोन गाडीच्या टपावर. वाफ विरली आहे.)

भगवंत: सांगून मोकळी झालीस. आता काय उरलं?

विठा: तुमचा पंप किती वेळ टिकला असता? तिथं गेल्यावर गाडीचं तोंड बघून कळलंच असतं त्यांना.

भगवंत: तिथं गेल्यावर बघितलं असतं.

सुषमा: मला ऐकू येतंय हो सगळं.

भगवंत: ते आपलं... गाडीविषयी बोलत होतो.

सुषमा: हो ना. चला, आता बॉनेट उघडा. टेकूची काडी नीट लावा, डोक्यात पडायला नको. पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघा. पाणी गळतंय का? रंगीत थेंब, हिरवे, लाल?

विठा: मी बघते, यांची कंबर वाकत नाय. खाली कोरडं हाय, ताई. मातीवर डाग नाय.

सुषमा: म्हणजे पाइप फुटलेला नाही. आता भगवंतराव, कडेला एक पांढरा प्लास्टिकचा डबा आहे, त्यावर दोन रेघा असतात. पाणी कुठल्या रेघेवर आहे?

भगवंत: खालच्या रेघेच्या पण खाली. तळाला थोडं हाय.

सुषमा: उकळून बाहेर गेलं असणार. मागच्या वेळी कधी बघितलं होतंत?

भगवंत: गेल्या रविवारी. भरलेला होता. गाडीचं सगळं मीच बघतो, विहीणबाई. बॅटरीच्या टोकांवर पांढरं फूल आलं होतं, ते गरम पाणी आणि सोड्यानं घासून काढलं. वरून व्हॅसलीन लावलं. तेव्हापासून थंडीत एका चावीत सुरू होते. आधी दहादा खोकायची.

सुषमा: ते अगदी बरोबर केलंत.

विठा: बॅटरीमुळं नाय सुरू होत ती.

भगवंत: मंग कशामुळं होते?

विठा: काय नाय. तुमी बघा पुढचं.

सुषमा: पंखा बघा. जाळीच्या मागे पंखा आहे. बोट लावू नका, तो गाडी बंद असतानाही अचानक फिरतो. वायर सुटलीय का बघा नुसती. आणि पुढून जाळी मोकळी आहे ना? कधी कधी प्लास्टिकची पिशवी उडून चिकटते.

विठा: ताई, जाळीपुढं काय असलं तर काय होतं?

सुषमा: हवा आत जात नाही. गाडी चालताना समोरून जो वारा लागतो, त्याने ते पाणी गार होतं. तो अडला की गाडी तापणारच. चढणीवर तर लगेच.

विठा: अगं बाई.

भगवंत: काय झालं?

विठा: मघाचा वास. गोणपाटाचा होता तो.

भगवंत: इंजिनात गोणपाट कुठून येणार?

विठा: मी घातलंय.

भगवंत: काय?

विठा: ते बघा ना, जाळीच्या पुढं. उभं घडी करून. तुमी वरून बघताय, पुढं वाकून बघा. तांदळाचं जुनं गोणपाट हाय, धुतलेलं.

भगवंत: अगं हे... हे किती दाट घातलंयस. चार घड्या. हाताला चटका बसतोय.

सुषमा: फडक्याने धरून काढा. विठाताई, गोणपाट कशासाठी?

विठा: थंडीसाठी, ताई. आमच्याकडं बारवीच्या बाजूला पहाटे लय गारठा पडतो. गाडी सकाळी खोकायची, खोकून खोकून बंद पडायची. मला वाटलं, गारठ्यानं छाती धरते तिची. आमची बैलजोडी होती तेव्हा मी थंडीत त्यांच्या पाठीवर गोणपाट टाकायची रात्री. सकाळी अंगण झाडताना काढायची. तसंच हिला घालत होते. हे झोपले की बॉनेट उघडून घालायचं, आणि पहाटे हे उठायच्या आत काढायचं.

भगवंत: बॉनेट उघडायला कुणी शिकवलं तुला?

विठा: तुमीच की. रोज उघडून बसता, मी काय आंधळी हाय?

सुषमा: आणि आज काढायचं राहिलं.

विठा: आज पहाटे विहिरीवर गेले. मंग ओटीचं ताट, खण, तांदूळ. झाडलंच नाय अंगण. लेक यायचीय म्हणून आनंदात होते, ताई. गाडीचं ध्यानात नाय राहिलं. माझ्यामुळं झालं हे. यांनी गाडी नीटच ठेवलीय. त्यांच्यावर नका जाऊ तुमी.

भगवंत: महिनाभर मी सगळ्या वाडीला सांगत फिरतोय, सोडा आणि व्हॅसलीन लावा, गाडी एका चावीत सुरू होते. भिवाच्या पोरानं त्याच्या मोटारसायकलला पण लावलं. आणि ही मागनं गोणपाट घालतेय.

विठा: मंग सांगा ना, कशानं सुरू होत होती? विहीणबाईंना विचारा.

भगवंत: विहीणबाई, कशानं होत होती?

सुषमा: तुमच्या घरच्या भांडणात मला नका ओढू.

विठा: सांगा ताई, रागावत नाय कुणी.

सुषमा: बॅटरीने हो, बॅटरीने. बॅटरीचं टोक स्वच्छ असलं की गाडी उठते. गोणपाटाने फार काही होत नाही. पण विठाताई, रात्री घातलंत तर बिघडत पण नाही. फक्त किल्ली फिरवायच्या आधी काढायचं.

भगवंत: ऐकलंस? बॅटरी.

विठा: ऐकलं. बिघडत पण नाय बोलल्या, ते पण ऐकलं. यापुढं गोणपाट घातलं की चावीला चिंधी बांधून ठेवीन. चिंधी दिसली की गोणपाट आत हाय. काढलं की चिंधी सोडायची.

सुषमा: हे मात्र छान आहे. मी हेडलाइट विसरते, मला पण बांधायला हवी एक चिंधी. बरं, आता सगळ्यात महत्त्वाचं. भगवंतराव, तेल बघायची पट्टी काढा. पिवळी कडी असते तिला.

भगवंत: काढली.

सुषमा: पुसा, परत घाला, परत काढा. तेलाचा रंग सांगा. ताकासारखं पांढरट दिसलं तर गाडी सुरू करायची नाही. म्हणजे पाणी तेलात गेलंय. मग गाडी ओढूनच न्यावी लागेल आणि आजचं जाणं राहिलं.

विठा: कसलं दिसतंय?

भगवंत: थांब, सावलीत कळत नाय. उन्हात धरतो.

विठा: सांगा की लवकर.

भगवंत: काळंच हाय. बोटाला लावून बघितलं. काळं आणि बुळबुळीत. ताक नाय, विहीणबाई.

सुषमा: नशीब. वेळेवर थांबलात म्हणून. अजून ती चढण रेटली असती तर ताक दिसलं असतं. थांबवली कुणी?

भगवंत: मीच थांबवली.

विठा: हो, यांनीच.

सुषमा: बरं. आता झाकण. वरच्या जाड रबरी पाइपला हात लावून बघा. दाबला जातोय? गरम आहे का?

भगवंत: कोमट हाय. दाबला जातोय.

सुषमा: मग जाड फडकं झाकणावर टाका, तोंड लांब ठेवा, आणि थोडंसंच फिरवा. आवाज आला तर थांबा, आवाज संपू द्या, मग पुढे.

भगवंत: जरा फुसफुसलं. थांबलं. काढलं झाकण. आत पाणी दिसत नाय, खाली गेलंय.

सुषमा: आता स्वच्छ पाणी लागेल. ओढ्याचं नको, त्यातली माती आणि पानं त्या बारीक नळ्यांत अडकतात. बाटलीत पिण्याचं पाणी आहे का?

भगवंत: बाटली वाटेत संपली. आता वाडीत परत जाऊन आणायचं म्हटलं तर अमावस्या गाठेल. विठा, काय करू?

विठा: कळशी हाय.

भगवंत: राहू दे. ते रविनाचं हाय, तूच बोललीस.

विठा: हाय तिचंच. पण पाणी तिच्याकडं कशाला न्यायचं, अवो? तिलाच पाण्याकडं न्यायला निघालोय ना आपण? ओता.

भगवंत: बघ हं. तिकडं पोचल्यावर डोळ्यांत पाणी काढशील.

विठा: नाय काढत. फडकं सोडते, त्याच फडक्यातून गाळून ओतू. तुमी धरा, मी ओतते.

सुषमा: सावकाश, बारीक धार. आणि भरत आलं की भगवंतराव आत बसून गाडी सुरू करा. विठाताई, तुम्ही बाजूनेच बघा. बुडबुडे येतील, पाणी खाली जाईल, अजून ओता.

विठा: सुरू करा. झाली. एका चावीत झाली.

भगवंत: सोडा आणि व्हॅसलीन.

विठा: बरं बाबा, सोडा आणि व्हॅसलीन. ताई, बुडबुडे आले. गेलं पाणी आत. अजून घालते. आता काठाला आलं.

सुषमा: झाकण घट्ट लावा. तो पांढरा डबा वरच्या रेघेपर्यंत भरा. पंखा फिरला का?

विठा: फिरला. वारा लागतोय तोंडावर.

भगवंत: काटा उतरतोय, विहीणबाई. निम्म्याच्या खाली आला.

सुषमा: मग झालं. आता चढणीवर जास्त रेटू नका. गाडीतला हीटर पूर्ण चालू करा, काचा उघड्या ठेवा. इंजिनची गरमी आत निघून येते. आणि हे साधं पाणी कायमचं नाही. इथे आलात की मी कूलंटचा कॅन देते, मिसळायचा किती ते पण दाखवते.

भगवंत: विहीणबाई, एक बोलू?

सुषमा: बोला.

भगवंत: गाडी वाटेत उभी राहिली, हे खरं हाय. मी तुमाला शब्द दिला होता. आता पाठवायचं की नाय, तुमीच ठरवा. मी आग्रह नाय करणार.

सुषमा: भगवंतराव, गाडी कुणाचीही उभी राहते. माझी महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या वळणावर राहिली होती, मागे सगळी जत्रा हॉर्न वाजवत होती. मला गाडीची भीती नाही वाटली. मला भीती तुमच्या त्या पंपाची वाटली.

भगवंत: म्हणजे?

सुषमा: उद्या रविनाचे पाय सुजले, चक्कर आली, आणि मी फोन केला. तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे, पंपावर आहोत. तर मी इथे काय समजायचं? ती माझी पण मुलगी आहे हो. घरात येऊन दोनच वर्षं झाली, पण पोटच्या तुषारपेक्षा तिच्याशी जास्त बोलते मी. तुम्हाला मोठेपणा राखायचा असतो, मला कळतं. पण तो तिच्या अंगावर नको.

भगवंत: नाय राखणार. चुकलं माझं.

विठा: ताई, फोन माझ्याकडं राहील. मी खरं तेच सांगीन. गोणपाटासकट.

सुषमा: ते आज बघितलं मी. निघा आता. गाडी चालवताना फोन नको. मी करते थोड्या वेळाने.

विठा: ताई, पण पाठवताय ना? ठेवला त्यांनी.

भगवंत: दगड काढ चाकाचा. बस आत.

विठा: काढला. चला. होय नि नाय, काय बोलल्या नाहीत.

भगवंत: घरी मोठी माणसं हायत त्यांच्या. विचारत असतील.

विठा: मोठं माणूस त्यांच्या घरात त्याच हायत.

भगवंत: काटा बघ.

विठा: निम्म्यावर हाय. हलत नाय. हे गरम वारं बरं वाटतंय पायांना. थंडीच्या दिवसात रोज लावत जा की हे.

भगवंत: तू गाडीला ऊब देतेस, गाडी तुला देतेय.

विठा: रागावलात ना मघाशी?

भगवंत: रागावलो नाय. एवढा महिना मी शेजारी झोपलोय आणि मला कळलं नाय तू उठून जातेस, याचं वाईट वाटलं.

विठा: तुमी घोरता. घोरणाऱ्याला काय कळतंय? मला तर गाडीपेक्षा तुमच्या त्या बोलण्याची काळजी होती. लेकीला आणायला माझी गाडी, माझी गाडी. सगळ्या वाडीला सांगितलेलं. ती सुरूच झाली नसती तर तुमचं तोंड बघवलं नसतं मला.

भगवंत: म्हणून गोणपाट.

विठा: म्हणून गोणपाट. आता उन्हं बघा. डोक्यावर आली. लागली असेल का अमावस्या?

भगवंत: लागायला आली असेल. बदलापूर दिसायला लागलंय. अजून गाव ओलांडून खरवईला जायचंय. वेळेत नाय पोचणार, विठा. जोरात घेतली तर बघू.

विठा: जोरात नको, ताईंनी सांगितलंय. नायच पोचलो तर जेवून परत येऊ. पोरीला बघून तरी येऊ.

भगवंत: तू बोलतेस तसं. पण तुझ्या आवाजात ते नाय.

विठा: फोन वाजतोय. तुमी रस्त्याकडं बघा, मी घेते. बोला ताई.

सुषमा: कुठे आलात?

विठा: बदलापूर दिसतंय. काटा निम्म्यावर हाय. पण ताई, खरं सांगते, अमावस्येच्या आत नाय पोचत आमी. थोडक्यासाठी राहणार.

सुषमा: माहीत होतं मला. म्हणून मघाशीच उठले. विठाताई, आमच्या आईची एक पद्धत होती. कुणाला गावाला जायचं असलं आणि मुहूर्त टळत असला, तर त्याचं गाठोडं वेळेच्या आत उंबऱ्याबाहेर काढून शेजारी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणायची. मग प्रत्यक्ष गाडी कधी का मिळेना, माणूस मुहूर्तावर निघालं असंच धरायचे.

विठा: आमच्यात पण हाय ते. माझी आजी करायची.

सुषमा: मी रविनाची ओटी भरली, दहीसाखर हातावर घातली, आणि तिची बॅग उचलून समोरच्या सईकडे नेऊन ठेवली. रविनाही तिथेच बसलीय सोफ्यावर, पाय वर घेऊन. अमावस्या लागायला अजून अवकाश होता तेव्हा. आता ती आमच्या घरातून निघालेली आहे. वाटेत सईकडे थांबलीय एवढंच.

विठा: ताई...

सुषमा: रडू नका, फोनवर नीट ऐकू येत नाही मग. या तुम्ही. जेवण पण सईकडेच आणते सगळ्यांचं. आणि ती विचारतेय, पाणी आणलं का?

विठा: नाय आणलं. ते गाडी प्यायली. तिला सांगा, विहीर कुठं जात नाय. पोटभर पी म्हणावं येऊन.

सुषमा: सांगते. ठेवू?

विठा: ठेवा, ताई. ऐकलंत का तुमी?

भगवंत: ऐकलं. सगळं ऐकलं.

विठा: मंग एवढी पळवताय कशाला? हळू घ्या. लेक निघालीय आपली.